छत्तीसशे सेकंद

नेत्रपेढीतल्या सगळ्यांनी तिचं नाव कॉम्प्युटरबाई ठेवलं होतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की कॉम्प्युटरबाईंना हाक मारायची, एवढं एक वेळ समजू शकतं. पण पंखा बंद पडला तरी तिला, भिंतीवरची घंटा वाजेनाशी झाली तरी तिला आणि चहाच्या किटलीचा दिवा लागला नाही तरी तिलाच. "त्याला वायर आहे ना? मग ते तुमच्याकडेच येतं," असं रखवालदाराने एकदा तोंडावर सांगितलं होतं. अकरा वर्षं ती हे ऐकत आली होती. तिचं खरं काम पेढीची वेबसाइट सांभाळण्याचं. पायथन या प्रोग्रामच्या भाषेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिने एकटीने लिहिलेली ती वेबसाइट जिन्याखालच्या कपाटातल्या एका जुनाट मशीनवर चालायची.

पेढीचं काम सांगायला सोपं. मरणानंतर कुणी डोळे दिले की बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढायचा आणि ज्याचा खराब झाला आहे त्याला बसवायचा. देणारे थोडे आणि वाट बघणारे एकसष्ट. कधी आठवड्यात दोन पडदे येत, तर कधी दोन-दोन महिने एकही नाही. या एकसष्ट जणांची यादी वेबसाइटवर असे, नावं नाहीत, नुसते नंबर. पडदा आला की वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टर तशी नोंद करत आणि एक नंबरच्या पानावर हिरवा चौकोन येई: 'तयार आहात का?' तो पाऊण तासात दाबायचा. नाही दाबला तर संधी दोन नंबरला जाई आणि एक नंबर थेट यादीच्या तळाला. तळापासून वर यायला दोन वर्षं लागत.

एवढ्या भानगडी करण्यापेक्षा त्या माणसाला एक फोन करावा, हे कुणालाही सुचेल. तिलाही सुचलं होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं होतं. पण पूर्वी इथे एक कारकून होता, त्याने यादी गुंडाळून ठेवून आधी स्वतःच्या मेव्हण्याला फोन केला होता. त्यावर जी बोंबाबोंब झाली, तिचा धसका घेऊन अध्यक्षांनी नियम केला: पेढीतून कुणीही, कुणालाही, कुठल्याही कारणाने फोन करायचा नाही. मेसेजही नाही, कारण मेसेज एकाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला उशिरा. जे काय ते यादीवर, सगळ्यांसमोर. हा नियम काचेच्या चौकटीत घालून जिन्यात टांगला होता. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

परिणाम काय व्हायचा तो झाला. एकसष्ट माणसं, प्रत्येकामागे मुलगा, सून, भाऊ, मेव्हणी असे चार-पाच जण, आणि सगळे दिवसभर पानावरचं 'पुन्हा बघा' हे पिवळं बटण दाबत बसलेले. ते बटणही तिनेच केलं होतं, चांगलं पंजाएवढं. अधू डोळ्यांच्या माणसांना ब्राउझरच्या कोपऱ्यातला मुगाएवढा गोल बाण कसा सापडणार, या दयेपोटी. दर दाबण्याला पायथन बिचारं डेटाबेसकडे धावे, यादी नव्याने मांडे, पान तयार करून पाठवे, आणि ते पोचायच्या आत तोच माणूस पुन्हा दाबे. अकरा वाजले की मशीन मान टाकायचं.

"बसली वाटतं तुमची वेबसाइट," अध्यक्ष जिन्यातूनच विचारत.

"ती आपणहून बसत नाही साहेब, तिला बसवतात. नवीन मशीन द्या."

"मशीन चांगलं आहे. तुम्ही जरा प्रोग्राम घट्ट लिहा," असं म्हणून ते वर जात. घट्ट म्हणजे काय, ते उंटावरच्या त्या शहाण्यालाच ठाऊक.

शेवटी तिने ठरवलं की कॅशिंग करायचं. म्हणजे यादी बदललेलीच नसेल तर तेच पान पुन्हा पुन्हा पाठवायचं नाही. एचटीटीपीमध्ये, म्हणजे फोन आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिच्यात, याची सोय पहिल्यापासून आहे. पान पाठवताना सर्व्हर, म्हणजे आपलं कपाटातलं मशीन, त्यावर एक खूण डकवतो. पुढच्या वेळी फोन विचारतो, "माझ्याकडे या खुणेचं पान आहे, अजून तेच चालू आहे का?" बदल नसेल तर सर्व्हर नुसतं 'तीनशे चार' म्हणतो. म्हणजे तेच आहे, जा. दोन दुपारी खपून तिने हे लिहिलं, चालू केलं आणि सर्व्हर प्रत्येक विचारणा जिच्यात टिपून ठेवतो ती नोंदवही उघडून तीनशे चारची वाट बघत बसली.

एकही आलं नाही. ना पहिल्या दिवशी, ना दुसऱ्या. प्रत्येक वेळी सर्व्हर नवंकोरं पान पाठवत होता. तिने स्वतःचा कोड दहादा वाचला, त्याला शिव्या घातल्या, पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशी दोन पानं शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, तेव्हा चोर सापडला. पानाच्या डोक्यावर एक घड्याळ होतं, सेकंदासकट. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी हट्टाने लावून घेतलेलं. दर सेकंदाला घड्याळ बदले, घड्याळ बदललं की पान बदले आणि पान बदललं की खूण बदले. यादी जागची हलली नव्हती, पण सर्व्हरच्या लेखी प्रत्येक पान नवं होतं.

"घड्याळ काढायचं?" अध्यक्षांचा चेहरा असा झाला की जणू इमारतीचं छप्पर काढायचं आहे. "अहो, घड्याळ चालताना दिसतं म्हणून लोकांचा विश्वास बसतो, की यादी ताजी आहे."

"यादी ताजी असण्याचा आणि घड्याळाचा काहीएक संबंध नाही साहेब."

"ते तुम्हाला कळतं. लोकांना नाही. घड्याळ राहू द्या."

मग तिने घड्याळ सर्व्हरवरून काढलं आणि फोनच्या गळ्यात बांधलं. म्हणजे पान एकदा पोचलं की पुढचे सेकंद फोन आपले आपण मोजेल. अध्यक्ष खूश झाले. तीनशे चारही येऊ लागले, ढीगभर. आणि मशीन? ते अकरा वाजता मान टाकायचं ते टाकतच राहिलं. कारण खूण पूर्ण पानावरून काढायची असल्यामुळे पायथन आधी सगळं पान रांधत होतं आणि मग, अरे, हे तर तेच आहे, म्हणून फेकून देत होतं. यावरचा खरा उपायही तिला माहीत होता. यादीला बदलाचा एक आकडा लावायचा आणि पान न बनवता नुसता आकडा ताडून बघायचा. फार तर पंधरा मिनिटांचं काम. पण त्या आठवड्यात सलग पंधरा मिनिटं मिळतील तर शपथ! सोमवारी प्रिंटर, मंगळवारी घंटा, बुधवारी दोन तास अध्यक्षांच्या भाच्याचा लॅपटॉप.

त्यात नोंदवही चाळताना तिला भलतंच दिसलं. एकसष्टांपैकी एक महाभाग एका दिवसात अकराशे चाळीस वेळा बटण दाबत होता. बाकी कुणी दोनशेच्या वर नव्हतं. तो होता दोन नंबर, आणि दोन नंबर म्हणजे तिचे स्वतःचे वडील. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अण्णांचा डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्यावर दिवसेंदिवस साय धरत चालली होती. जन्मभर ट्रकची इंजिनं उघडली, आवाजावरून बिघाड सांगितला, आणि आता शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात जायचं. मुलगी पेढीत असली तरी ते रांगेनेच नाव लावून बसले होते. बावीस महिने त्यांनी एका शब्दाने वशिला मागितला नव्हता, आणि त्याची वसुली ते दिवसभर बटणावर करत होते.

"अण्णा, तुम्ही माझं मशीन मारताय," पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता ती कावून म्हणाली.

"मी कुठे काय करतो? नुसतं बघतो."

"दिवसातून अकराशे वेळा?"

"मला दुसरं काम आहे का? पेपर वाचता येत नाही, टीव्ही दिसत नाही. तू दिवसभर बाहेर. बघू पण नको का?"

"तुम्ही बघितल्याने नंबर पुढे सरकत नाही!"

"आणि तू ओरडल्याने सरकतो?" म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं. तिने त्यांच्या हातातून फोन घेतला, कपाटात ठेवला आणि दार आपटून निघाली. बापाच्या हातातून वस्तू हिसकावल्याची टोचणी वाटेत लागली, पण राग तिच्याहून मोठा होता.

पेढीत पोचते तो अध्यक्ष दारातच. परगावच्या एका मोठ्या इस्पितळाची माणसं आज पेढी बघायला येणार होती आणि सभेच्या खोलीतल्या पडद्यावर त्यांना वेबसाइट दाखवायची होती. हे तिला सकाळी नऊला कळत होतं.

"आज जर बसली ना कॉम्प्युटरबाई, तर माझी अब्रू जाईल."

"मला पंधरा मिनिटं द्या. नीट करते."

"पंधरा मिनिटं मिळतीलच हो. आधी तो पडद्याचा प्रोजेक्टर लागत नाहीये, तेवढा बघता का?"

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. प्रोजेक्टर लावून ती कपाटाशी आली तेव्हा दहाला पाच कमी होते आणि मशीन आताच धापा टाकत होतं. मग तिने संतापाच्या भरात ते केलं, जे शांत डोक्याने कधी केलं नसतं. पानाच्या माथ्यावर एक ओळ घातली: मॅक्स-एज, छत्तीसशे. ही कॅशिंगची दुसरी तऱ्हा. पहिल्या तऱ्हेत फोन दर वेळी विचारतो. हिच्यात सर्व्हरच फोनला बजावतो, हे पान छत्तीसशे सेकंद, म्हणजे एक तास, ताजंच आहे असं धरून चाल आणि मला विचारायला येऊ नकोस. बसा दाबत आता, ती मनात म्हणाली.

मशीन गार पडलं. पाहुणे आले, यादी बघून माना डोलावून गेले. अध्यक्षांनी जिन्यातून अंगठा दाखवला. ठरवल्याप्रमाणे बरोबर बारा वाजता तिने ती ओळ काढून टाकली आणि सुटले बाई म्हणून डबा उघडला.

ओळ काढली, पण जे सांगून झालं होतं ते कुठे परत घेता येतं? बाराच्या आधी ज्या फोनने पान उचललं, तो पुढचा तासभर तेच कवटाळून बसणार होता. मालक बटण दाबेल आणि फोन स्वतःच्या पोटातलं जुनं पान काढून दाखवेल, सर्व्हरपर्यंत येणारच नाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून त्या क्षणी तिच्या डोक्यात आलं नाही, आणि याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त चीड आली.

एक वाजायला आठ मिनिटं असताना तिचा मोबाइल वाजला. अण्णा.

"हिरवा आला! अगं, हिरवा आला! दाबला मी, लगेच दाबला!"

तिला आधी कळेचना. मग कळलं आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. शेजारच्या काकूंनी साडेबाराला कपाटातून फोन काढून दिला होता. बारा पाचला पडदा आला होता, एक नंबरने पाऊण तासात काही दाबलं नव्हतं, बारा पन्नासला संधी अण्णांकडे आली होती. चार वाजता शस्त्रक्रिया. काकू गाडीने घेऊन येत होत्या.

"मी नवा शर्ट घालतोय," अण्णा म्हणाले. "आणि सकाळचं काही मनात ठेवू नकोस."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बावीस महिने! ती आनंदाने वेडी झाली, कुणाला सांगू असं तिला झालं. एक वाजला आणि टेबलावरचा पेढीचा फोन वाजला. बाहेर फोन करायची बंदी असली तरी बाहेरून येणारे फोन तिच्याच टेबलावर येत, कारण त्यालाही वायर होती.

"ताई, मी एक नंबर बोलतेय," पलीकडे एक बाई होती. आवाज हळू होता. "म्हणजे होते. आता एकसष्ट दाखवतंय. माझं काही चुकलं का हो?"

"तुम्ही वेळेत दाबलं नाहीत, म्हणून…"

"दाबत होते ना! सकाळपासून दाबतेय. घरातले म्हणतात, तुझंच बोट चुकीच्या जागी पडलं असेल. पण हिरवं आलंच नाही ताई. मी धाकट्या जावेलाही बघायला लावलं. ती म्हणाली, घड्याळ चालू आहे, म्हणजे बरोबर आहे."

एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने तिने नोंदवही उघडली. एक नंबर, अकरा सत्तावन्न. त्यानंतर थेट बारा सत्तावन्न. मधल्या तासात काही नाही. एक तास, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. जी इमानदारीने दाबत राहिली तिच्या फोनने जुनं पान गिळून ठेवलं, आणि ज्यांचा फोन आपण हिसकावून कपाटात टाकला त्यांना ताजं पान मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी आपण.

"तुम्ही काय करता?" हे आपण का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"शाळेचे गणवेश शिवते. शिवत होते. आता दोरा ओवता येत नाही."

गप्प बसणं फार सोपं होतं. कुणाला कळणार होतं? नोंदवही तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. बाईला तर स्वतःचंच बोट चुकलं असं वाटत होतं. आणि अण्णा नवा शर्ट घालत होते. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं याचा राग आला, आणि राग आला तरी ते मनातून जाईना.

"फोन ठेवू नका," ती शेवटी म्हणाली. "काही झालं तरी ठेवू नका. ठेवलात तर मला तुम्हाला परत फोन करता येणार नाही. आणि काही खाऊ-पिऊ नका." रिसीव्हर तसाच टेबलावर आडवा ठेवून तिने नोंदवहीचं पान छापायला दिलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला. तिने प्रिंटरला एक सणसणीत थप्पड मारली, लॅपटॉप उचलला आणि जिना चढली.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा उठून दार लावलं.

"तुम्ही हे कुणाला बोललात?"

"आधी तुम्हालाच."

"मग आता बोलू नका. अहो, वेड लागलंय का? लोक काय म्हणतील? तेव्हा कारकुनाने मेव्हण्याला दिलं, आता बाईने बापाला दिलं. चूक होती यावर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या वडिलांचा नंबर नियमाने आलाय. नियमाने."

"नियमाने नाही, माझ्यामुळे आलाय."

"बाई, तुमच्याच घरचं भलं होतंय आणि तुम्हीच—"

"ते मला कळत नाही का?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टर आल्या. "मलाही हवाय तो डोळा! पण तिचा आहे!"

मोठ्या डॉक्टर कमी बोलणाऱ्या. त्यांनी लॅपटॉपवरची दोन आकड्यांची ओळ बघितली, अकरा सत्तावन्न आणि बारा सत्तावन्न, आणि विचारलं, "यादी हाताने बदलायला काय लागतं?"

"दोघांच्या सह्या. तुमची आणि साहेबांची."

डॉक्टरांनी लगेच सही केली आणि पेन पुढे केलं. अध्यक्ष पेनाकडे बघत राहिले. मग म्हणाले, आधी बाईंनी लेखी द्यावं, की चूक सर्वस्वी त्यांची, पेढीचा संबंध नाही. नोकरीचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, तेव्हा समितीसमोर हा कागद येईल, हेही त्यांनी सांगून टाकलं. एक तासाची ओळ कुणाच्या अब्रूसाठी घातली होती, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण खाली रिसीव्हर टेबलावर पडला होता. तिने भराभर लिहून दिलं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, एक शब्द बदलायला लावला आणि मग सही केली.

खाली येऊन तिने रिसीव्हर उचलला. "आहात का?"

"आहे ताई. धरून बसलेय."

"निघा. आहात तशा निघा. चार वाजता तुमची शस्त्रक्रिया आहे. बोट तुमचं चुकलं नव्हतं, चूक माझी होती."

पलीकडे मागे कुणीतरी रडायला लागल्याचा आवाज आला, बहुधा ती जाऊ असावी.

नियम मोडून तिने अण्णांना फोन केला, पण त्यांनी तो घेतला नाही. गडबडीत घरीच विसरले असणार. गाडी पोचेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती कपाटाशी बसली आणि यादीला बदलाचा आकडा लावला. पान फोनमध्ये ठेवलं तरी दाखवण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारलंच पाहिजे, असंही बजावलं. चौदा मिनिटं लागली. मशीन शांतपणे चालू लागलं. इतके दिवस जे होत नव्हतं ते चौदा मिनिटांत झालं, आणि तिला ते मशीन उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं.

दोनला अण्णा आले. काकूंच्या हाताला धरून, नवा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. बटणं नीट लागली होती, काकूंनीच लावली असणार. तिने त्यांना वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, अगदी फोन हिसकावण्यासकट.

अण्णांचा आवाज चढला. "चूक तुझी आणि डोळा माझा? हा कुठला न्याय?"

"डोळा तिचा आहे अण्णा."

"बावीस महिने! बावीस महिने मी भिंतीला धरून न्हाणीघरात जातोय. तुला काय, तू ओरडून निघून जातेस. दाबला होता मी! हिरवा दाबला होता! मला दिसला तो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी स्वच्छ दिसलं!"

"हो."

"पुढचा कधी येईल?"

"माहीत नाही."

"तेव्हा याला काही उरलं असेल का?" त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. काकूंनी गाडीकडे चला म्हटलं, तर अण्णांनी हात झटकला. "मी हलणार नाही. बघू दे तरी, कोण आहे ती."

सव्वातीनला ती बाई आली. चाळिशीची, बारीक, सोबत तिची जाऊ. आत नेऊन परिचारिकेने तिला हिरवा झगा घालून आणलं आणि जागा तेवढीच होती म्हणून त्याच बाकावर अण्णांशेजारी बसवलं. कॉम्प्युटरबाई समोर भिंतीला टेकून उभी होती. अण्णांना गप्प करायला पुढे व्हावं, की जे होईल ते होऊ द्यावं, हे तिला ठरवता येईना. अण्णांचा जबडा आवळलेला होता. हा जबडा ती लहानपणापासून ओळखत होती.

चारला पाच कमी असताना परिचारिकेने एक नंबर अशी हाक मारली. बाई उठली नाही. दुसऱ्यांदा हाक आली, तरी नाही.

"पायच उचलत नाहीयेत," ती स्वतःशीच म्हणाली. मग बाजूला कुणी बसलंय हे जाणवून तिने मान वळवली. "तुम्हालाही यादीतूनच बोलावलंय का काका? तुमचा कितवा नंबर?"

भिंतीपाशी उभी मुलगी एक पाऊल पुढे सरकली.

"दोन," अण्णा म्हणाले. "तुम्ही आत गेलात की एक. तेव्हा बसून काय राहिलात बाई? उठा की, खोळंबा कशाला करताय!"

आणि तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला. तो भलतीकडेच गेला, भिंतीवर. तिने चाचपून तो शोधला, घट्ट धरला आणि उठून आत गेली.